तुंबा हातात असेल त्यानेच लिहावं

सान एलादिओ गावात माणूस मेला की आधी आरियागांच्या अंत्यसंस्कारांच्या पेढीत यायचा आणि दुसऱ्या दिवशी स्मशानात जायचा. तिसरी वाट नव्हती. पेढीत शव ठेवायच्या तीन खोल्या होत्या, आणि मेल्यावर सगळे सारखे असं रविवारी चर्चमध्ये सांगणाऱ्या पाद्र्याने त्या कधी नीट पाहिल्या नसाव्यात. पहिली खोली रस्त्यावरची, उंच खिडकीची, गादीच्या चाळीस खुर्च्यांची. तिच्यात भातगिरण्यांचे मालक, वकील आणि त्यांच्या बायका. दुसऱ्या खोलीत मास्तर, दुकानदार, पोस्टातली माणसं. तिसरी मागे, शववाहिकेच्या गॅरेजला लागून. तिथे लाकडी फळ्यांच्या खुर्च्या होत्या, आणि गाडी सुरू झाली की बसलेले लोक खोकायचे.

कोणाला कुठली खोली हे सुल्मा एचेनिके ठरवायची. पुढच्या टेबलाच्या मागे भिंतीवर काळा फळा होता आणि त्यावर ती खडूने नावं लिहायची. फळा एक, खडू एक आणि सुल्माही एकच, त्यामुळे भांडायचं तर तिच्याशीच भांडावं लागे, आणि तेवढी कोणाची टाप नव्हती.

पेढीतल्या माणसांना एक सवलत होती. घरातलं कोणी गेलं तर त्या वेळी रिकामी असेल ती खोली त्यांची. फळ्यावर आधी नाव लागलं की लागलं, मग मागून बिशप का येईना. मालक वॉशिंग्टन आरियागाच्या आजोबांनी हा नियम केला होता आणि नातवात तो मोडायची धमक नव्हती.

या सवलतीवर सुल्माच्या पाल्मिरामावशीचा डोळा होता. मावशी नव्वदीच्या पुढची, अंथरुणाला खिळलेली, पण जीभ ठणठणीत. तिने सुल्माला लहानाची मोठी केली होती आणि उरलेल्या वेळात गावाचे कपडे शिवले होते. कपडे शिवायचे तर मापं घ्यावी लागतात, आणि मापं घेताना मावशीला गप्प बसता येत नसे. “कंबर कुठे आहे ते दाखवा, मग मोजते,” असं ती नगराध्यक्षांच्या बायकोला म्हणाली होती. असं एकेक करत तिने जवळजवळ अख्खं गाव तोडलं होतं.

“मला तिसऱ्या खोलीत टाकलंस तर उठून चालत घरी येईन,” ती सुल्माला सांगायची.

“मेल्यावर तुला काय कळणारे, मावशी?”

“मला नाही, येणाऱ्यांना कळेल. आणि येणारंय तरी कोण? तू. आणि तो बडबड्या एल्बिओ, तोसुद्धा गाडी त्यालाच चालवायची असते म्हणून.” मग ती भिंतीकडे तोंड करायची. “पहिल्या खोलीला रस्त्यावर खिडकी आहे. ओळखीचं कोणी आलं नाही तरी जाणारा-येणारा डोकावतो, कोण गेलं बघू म्हणून. तेवढं पुरे मला.”

सुल्माला मावशीचा राग यायचा, मग कीव यायची, आणि कीव आली म्हणून पुन्हा राग यायचा. तिने पहिल्या खोलीचा शब्द देऊन टाकला. फळा तिच्या हातात होता तोवर त्या शब्दाला धोका नव्हता.

मग वॉशिंग्टन आरियागा राजधानीत गेला, तिथली एक मोठी पेढी पाहून आला आणि त्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं. चार टेबलं, चार कॉम्प्युटर, आणि सगळ्यांसमोर एकच यादी. पुढच्या टेबलावर सुल्मा, फुलांच्या आणि रेडिओवर द्यायच्या बातम्यांच्या टेबलावर माबेल, गाड्यांच्या टेबलावर एल्बिओ, आणि चौथा वरच्या मजल्यावर खुद्द मालकाचा. कोणीही, कुठूनही, कधीही लिहू शकेल. हे जुळवून द्यायचं काम त्याने जावयाला दिलं. जावई विल्मार भला माणूस होता. त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं ही गोष्ट सासऱ्याने लग्नातच गृहीत धरली होती, आणि ती खोडून काढायला विल्मारला योग्य वेळ कधी सापडली नव्हती.

विल्मारने भिंतींच्या कडेने वायरी ठोकल्या. एक वायर दुसऱ्या खोलीतून न्यावी लागली, तेव्हा तिथे ठेवलेल्या तारमास्तरांची त्याने हळू आवाजात माफी मागितली. यादीची फाईल सुल्माच्या कॉम्प्युटरवर ठेवली आणि बाकीच्यांना तिथपर्यंत वाट करून दिली. फळा गॅरेजमध्ये गेला.

पहिल्याच सकाळी एल्बिओने यादी उघडली, आपल्या गाडीची वेळ पाहिली आणि यादी तशीच उघडी टाकून शववाहिका घेऊन गेला. सुल्मा लिहायला गेली तर पडद्यावर पाटी आली, फाईल दुसरा कोणी वापरत आहे.

“म्हणजे काय?” तिने विल्मारला विचारलं.

“एल्बिओने ती एकट्यासाठी उघडलीय. खोलीत शिरून आतून कडी लावल्यासारखं.”

“मग त्याला सांग कडी काढायला.”

“तो स्मशानात आहे.”

“उत्तम. तिथेच राहू दे.”

दुसऱ्या दिवशी सुल्मा जेवायला गेली आणि सवयीप्रमाणे दिवे, पंखा, कॉम्प्युटर सगळं बंद करून गेली. फाईल तिच्याच यंत्रात, त्यामुळे बाकीच्या तिघांचे मेलेले एकदम नाहीसे झाले. विल्मारने तिच्या पडद्यावर कागद चिकटवला, ‘हा बंद करू नये.’ त्याखाली एल्बिओने पेनने लिहिलं, ‘मेलात तरी.’

मग विल्मारने सेटिंग बदलली. आता सगळ्यांना यादी एकाच वेळी उघडता येऊ लागली आणि एकाच वेळी लिहिताही येऊ लागलं. पेढीत दोन दिवस आनंदीआनंद होता. तिसऱ्या दिवशी माबेलने दुसऱ्या खोलीत औषधवाल्या पेरेरांचं नाव लिहिलं आणि त्याच वेळी एल्बिओने त्याच ओळीत टँगो शिकवणाऱ्या मास्तरांचं. राहिलं ते टँगोवाल्याचं. औषधवाल्याची बायको आली, गर्दीत भिजल्या डोळ्यांनी वाकली, टँगोवाल्याच्या कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाली, इतका देखणा तर तो लग्नातही दिसला नव्हता.

“दोघांनी एकच ओळ उघडली,” विल्मार घाम पुसत सांगत होता. “अशा वेळी जो नंतर साठवतो त्याचं राहतं. आधीच्याचं पुसलं जातं.”

“आणि पुसलं गेलं असं ते सांगतं का?”

“नाही.”

“म्हणजे चोरच की.”

“यावर उपाय असतो. ज्याने ओळ धरली त्याचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवून ठेवायचं. मला पुस्तक वाचावं लागेल.” त्याने पिशवीतून विटेएवढं जाड पुस्तक काढलं. ते बघून माबेलने छातीवर क्रूसाची खूण केली.

“हे तू वाचून होईस्तोवर गाव संपेल,” सुल्मा म्हणाली. तिने थर्मास काढला, पोखरलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात ‘माते’ या कडवट चहाचा हिरवा चुरा भरला, नळी खोचली आणि गरम पाणी ओतलं. दिवसातला हा तिचा खरा धर्म होता. पहिला घोट ती स्वतः घ्यायची, मग तुंबा माबेलकडे. माबेलने नळीतून खडखड आवाज येईपर्यंत ओढायचं आणि तो सुल्माला परत करायचा. पुन्हा पाणी, मग एल्बिओ. जन्मभर त्या तिघांपैकी कोणी दुसऱ्याच्या पाळीत तोंड घातलं नव्हतं. तुंबा फिरताना बघता बघता सुल्मा थांबली.

“तुंबा ज्याच्या हातात, त्यानेच लिहायचं,” ती म्हणाली. “बाकीच्यांनी कीबोर्डला हात लावायचा नाही. लिहून झालं, साठवलं, की प्यायचं आणि तुंबा माझ्याकडे.”

यात खोट काढायला जागाच नव्हती. विल्मारने पुस्तक पिशवीत घातलं आणि वर जाऊन सासऱ्याला सांगितलं की आपण पाळीपाळीची पद्धत बसवली आहे. सासरा खूश झाला. कसली पाळी, हे त्याने विचारलं नाही.

पुढे काही आठवडे एकही मढं हरवलं नाही. पाणी ओतणारी सुल्मा, म्हणजे कोणी कधी लिहायचं हे पुन्हा तिच्याच हातात आलं. माबेलने एकदा तुंब्याशिवाय फक्त एक स्पेलिंग दुरुस्त केलं तर सुल्माने तिच्या बोटांवर पट्टी मारली. एकच कटकट होती, ती एल्बिओची. त्याच्या हातात तुंबा आला की त्याला काहीतरी आठवायचं. मग तो बोलत बसायचा आणि पाणी गार व्हायचं.

“एल्बिओ, तो माइक नाही,” सुल्मा म्हणायची.

“अगं, पुढचं तर ऐक.”

पण या सगळ्यात एक भोक होतं, आणि ते इतकं मोठं होतं की कोणाला दिसलं नाही. वॉशिंग्टन आरियागाचं यकृत बिघडलेलं होतं. डॉक्टरांनी माते बंद केलं होतं, आणि वर बसून तो बोल्दोच्या पानांचा काढा प्यायचा. सान एलादिओत एखाद्या जागी किती माणसं आहेत असं विचारलं तर लोक तुंबा किती जणांकडे जातो ते सांगतात. जो पीत नाही तो मोजणीत येत नाही. तिघांनी पद्धत बसवली ती तिघांची, आणि चौथा कॉम्प्युटर ज्याचा होता तो पगार देणारा माणूस सगळ्यांच्या डोक्यातून साफ गेला.

पाल्मिरामावशी मंगळवारी सकाळी गेली. उशीच्या अभ्र्याची शिवण तिरकी आहे असं म्हणाली, आणि गेली. सुल्माने तिचे डोळे मिटले, हात सरळ केले आणि रडण्याआधी पेढीत फोन लावला.

“माबेल, मावशी गेली.”

“अगं बाई गं. सुल्मा...”

“ते नंतर. पहिली खोली रिकामी आहे?”

“आहे. समोर दिसतेय मला, रिकामी आहे.”

“मावशीचं नाव टाक.”

“तुंबा एल्बिओकडे आहे.”

“मग त्याला टाकायला सांग.”

“सांगितलं. त्याने ओळ उघडली, पण मावशी गेल्याचं ऐकलं आणि आता तो सांगत बसलाय, त्याच्या लहानपणी तिने त्याला सदरा कसा...” मागून एल्बिओचा भरून आलेला आवाज ऐकू येत होता.

“काढून घे त्याच्या हातातून.”

“सुल्मा, हातातून?”

पिणाऱ्याच्या हातातून तुंबा ओढून घेणं सुल्माला स्वतःलाही जमलं नसतं. तसं तिथे वैऱ्याशीही कोणी वागत नाही. “त्याला म्हण, तो माइक नाही.”

“तीनदा म्हटलं.”

“चौथ्यांदा म्हण,” सुल्मा म्हणाली, आणि फोन कानाला लावून मावशीच्या पायाशी बसून राहिली.

नेमक्या त्याच वेळी वरच्या मजल्यावर मालकाचा फोन वाजला. भातगिरणीचा मालक दारविन एचेबेर्री आपल्या शेतावर, नाश्ता करता करता आटोपला होता. वॉशिंग्टनने काढ्याचा कप बाजूला सारला, यादी उघडली, पहिली खोली रिकामी पाहिली आणि दोन बोटांनी दारविनचं नाव लिहून साठवलं. यादीने निमूटपणे घेतलं. मग त्याने दारविनच्या घरी शब्द दिला आणि एवढ्या मोठ्या माणसाची बातमी माबेलवर कशाला सोडा म्हणून रेडिओला स्वतःच फोन केला.

खाली एल्बिओची गोष्ट संपली. त्याने डोळे पुसले, आधीपासून उघडलेल्या ओळीत ‘पाल्मिरा’ लिहिलं, साठवलं, तुंबा खडखडेपर्यंत ओढला आणि सुल्मा नव्हती म्हणून माबेलला दिला. दारविन एचेबेर्री दुसऱ्यांदा गेला, या खेपेला यादीतून, आणि कोणाला पत्ताही लागला नाही.

दुपारच्या बातम्यांत रेडिओवर दोन्ही नावं लागोपाठ वाचली गेली. पहिली खोली, आणि पहिली खोली. वाचणाऱ्याला काही वाटलं नाही, तो बारा वाजता जेवायच्या घाईत असतो. एल्बिओ मावशीला पेढीत पोचवून तसाच, मालकाच्या निरोपावरून, दारविनला आणायला निघाला. शेत लांब होतं आणि रस्ता कच्चा होता. वॉशिंग्टन जेवून झोपला, कारण नाव साठवलं होतं.

सुल्माने मावशीला तिनेच शिवलेला काळा झगा घातला होता. चाळीस खुर्च्यांतल्या एकीवर ती बसली. मावशीच्या म्हणण्याप्रमाणे खिडकीतून लोक डोकावत होते. पाववाला सायकल थांबवून बघून गेला. शाळेतल्या दोन पोरी नाक काचेला लावून गेल्या. तेवढं पुरे, असं मावशी म्हणाली होती. पुरे नव्हतं. एकोणचाळीस खुर्च्या रिकाम्याच होत्या, आणि आपण या बाईला दुसरं काहीच देऊ शकलो नाही याचं सुल्माला फार वाईट वाटलं.

तीनच्या सुमाराला बाहेर गाड्या थांबायला लागल्या.

भातउत्पादक संघाचा अध्यक्ष सगळ्यात पुढे होता. त्याच्यामागे दोन माणसं ‘आमच्या दारविनला’ अशी पट्टी लावलेलं चाकाएवढं पुष्पचक्र घेऊन आली. ते शवपेटीला टेकवून अध्यक्ष मान खाली घालून वाकला, आणि पेटीत दारविन नव्हता. करड्या केसांची एक बारीकशी म्हातारी होती आणि तिच्या कपाळावर आठी होती. अध्यक्षाने सुल्माकडे पाहिलं. सुल्माने त्याच्याकडे पाहिलं. मागून रांग ढकलत होती. मेलेल्या माणसासमोरून, हा आपल्या कामाचा नाही असं पाहून पाठ फिरवायची तर निदान एकांत हवा. अध्यक्षाने टोपी काढली, सुल्माचा हात हातात घेतला, “फार मोठी हानी,” असं पुटपुटला आणि खुर्चीवर बसला.

अध्यक्ष बसला म्हटल्यावर सेक्रेटरी बसला. मग बँकेचा मॅनेजर, दोन वकील, पशुवैद्य, आणि मावशीने कंबर विचारलेली ती नगराध्यक्षांची बायको. तिने पेटीत पाहिलं, ओळखलं, तोंड उघडलं, बाकी सगळे बसलेले पाहिले आणि तोंड मिटून घेतलं. येणारा प्रत्येक जण वाकायचा, चमकायचा आणि आधीच्याकडे बघून सुल्माचा हात दाबायचा. “हो, फार चांगली होती,” सुल्मा प्रत्येकाला सांगत होती. तिला धड हसता येत नव्हतं आणि धड रडता येत नव्हतं. चाळीस खुर्च्या भरल्या आणि लोक भिंतीला टेकून उभे राहिले.

वॉशिंग्टन आरियागा झोपेतून उठून, टाय बांधत खाली आला.

“ही कोण?” त्याने सुल्माच्या कानात विचारलं.

“माझी मावशी.”

“इथे काय करतेय?”

“मेलीय, मालक.”

“ही खोली दारविनची आहे. मी स्वतः लिहिलंय.”

“कॉम्प्युटरमध्ये बघा.”

तो बघून आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. “दारविन कुठे गेला?”

“तुम्ही लिहिलंत तेव्हा तुंबा तुमच्या हातात होता का?”

“कसला तुंबा?”

सुल्माच्या तेव्हा लक्षात आलं, की याला कोणी सांगितलंच नाही. तिला क्षणभर त्याची दया आली. मग तो म्हणाला, “दारविनची गाडी पोचतेय. हिला तिसऱ्या खोलीत हलव, लगेच.” आणि दया पार गेली. ती उठून पेटीच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली.

“आधी नाव हिचं लागलंय,” ती म्हणाली. “हलवायचं तर तुम्ही हलवा. या सगळ्यांसमोर.”

वॉशिंग्टनने वळून पाहिलं. अख्खा भातउत्पादक संघ मांडीवर टोप्या ठेवून त्याच्याकडे बघत होता. शव उचलून मागच्या दाराने नेणारा पेढीवाला म्हणून आपण आयुष्यभर ओळखले जाऊ, एवढा हिशेब त्याला लगेच कळला.

“वॉशिंग्टन, बस की,” अध्यक्ष हळूच म्हणाला. “तुझ्या पाठीमुळे तिचा चेहरा दिसत नाहीये.”

वॉशिंग्टन बसला.

दारविन एचेबेर्री तिसऱ्या खोलीत गेला. मधली खोली भरलेली होती आणि दुसरी जागाच नव्हती. एल्बिओने गाडी गॅरेजमध्ये मागे-पुढे करून लावली, आणि धूर आत शिरल्यावर दारविनचे दोन भाऊ खोकले. थोड्या वेळाने त्याची बायको ओरफिलिया पहिल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. नवरा तिकडे होता आणि माणसं इकडे होती. मालकाला अडवता येत होतं, पण हिला कसं अडवणार? हिच्या घरातही आजच माणूस गेलं होतं. ही एक शब्द बोलली असती तर चाळीसच्या चाळीस जण उठून तिच्यामागे गेले असते.

ओरफिलिया पेटीपर्यंत आली. पुष्पचक्रावरचं नवऱ्याचं नाव तिने वाचलं, मग वाकून मावशीकडे बराच वेळ पाहिलं.

“तुझी कोण?”

“मावशी. आईसारखीच.”

“कशी होती?”

फार चांगली होती, हे सुल्माच्या ओठांवर आलं होतं. दुपारभर तेच म्हणून म्हणून तोंडाला सवय झाली होती. ते बाहेर पडेना.

“भयंकर होती,” ती म्हणाली, आणि सकाळपासून अडवून धरलेलं रडू सगळ्या प्रतिष्ठित मंडळींसमोर एकदम फुटलं.

ओरफिलियाने शेजारच्या खुर्चीवरून बँकेच्या मॅनेजरला नजरेनेच उठवलं आणि तिथे बसली.

“माझाही,” ती म्हणाली. मग तिने सुल्माचा हात हातात घेतला आणि तीही रडायला लागली.